तिसऱ्या बांधीतली बांगडी

दिघोरीत सत्यभामाकाकूंना ओळखत नाही असं एकही माणूस नाही, आणि त्यांच्याशी एकदा तरी भांडलं नाही असंही कोणी नाही. वय एकसष्ट, उंची बेताची, राग नाकाच्या शेंड्यावर. पण रोवण्याचे दिवस आले की अख्खं गाव त्यांच्या ओसरीवर येऊन त्यांची मनधरणी करतं, कारण काकू ज्या ओळीत उभ्या राहतात त्या ओळीचं धान दुपारपर्यंत लावून होतं. त्यामागं काकूंचा हात कमी आणि गळा जास्त.

आमच्याकडे रोवणा गाण्यावर चालतो. शेताच्या एकेका तुकड्यात, म्हणजे बांधीत, बाया ओळीनं वाकून चिखलात धानाचे कोवळे पऱ्हे लावत मागं मागं सरकतात. एक बाई गाण्याची ओळ टाकते, दुसरी ती उचलते आणि मग सगळ्याजणी म्हणतात. तीस वर्षं टाकणाऱ्या सत्यभामाकाकू आणि उचलणाऱ्या कौशल्याबाई, अशी जोडी होती. काकू म्हणत, "पहिल्या बांधीत, माय, पाय माझा रुतला." कौशल्याबाई उचलत, "रुतला तं रुतू दे, मांगं नको पाहू." दुसऱ्या बांधीत कुंकू ओघळायचं, तिसऱ्या बांधीत पदर भिजायचा, चौथ्या बांधीत बांगडी फुटायची. असं गाणं बांधीबांधीनं पुढं जायचं आणि शेत संपायचं.

काकू मात्र दरवर्षी चुकत. तिसऱ्या बांधीतच बांगडी फोडून मोकळ्या होत. मग कौशल्याबाई चिखलात ताठ उभ्या राहून ओरडत, "चूक! तिसरीत पदर, बांगडी चौथीत! किती वेळा सांगू तुले, सत्ये?" सगळी ओळ हसून हसून वाकडी व्हायची आणि गाणं पुन्हा पहिल्या बांधीपासून सुरू व्हायचं. मीही लग्न होऊन आल्यावर दोन वर्षं त्या ओळीत होते. कंबर मोडून आली होती तरी हसले होते, हे मला चांगलं आठवतं.

यंदा होळीनंतर कौशल्याबाईंचा मुलगा चंद्रकुमार त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याकडे भोसरीला घेऊन गेला, आणि ऑपरेशन झाल्यावर त्या तिकडेच राहिल्या. त्या गेल्या त्या दिवशी काकू सिहोऱ्याला लेकीकडे होत्या. परत आल्या तर कौशल्याबाईंच्या दाराला कुलूप. झालं. "सांगून नाही गेली," एवढंच काकू बोलल्या आणि तोंड फिरवलं.

चंद्रकुमारचा नंबर माझ्याकडे होता. मी रुखमिणी, चौकात सेतू केंद्र चालवते. गावातल्या निम्म्या लोकांचे दाखले आणि सगळ्यांचे नंबर माझ्याकडे असतात. मी म्हटलं, "काकू, फोन लावून देऊ का?"

"ती गेली. मी इथंच आहे. तिनं लावावा."

तिकडे कौशल्याबाईही त्याच मातीच्या. त्यांचाही फोन आला नाही.

आषाढात रोवणा सुरू झाला. काकूंनी पहिल्या बांधीत ओळ टाकली. कोणी उचलली नाही. ओळीतल्या नव्या पोरींनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छोटा स्पीकर ठेवला होता, त्यावर सिनेमाची गाणी चालू होती. काकूंनी ओळ पुन्हा एकदा टाकली, थोड्या थांबल्या आणि मग गप्प झाल्या. चार दिवस त्यांनी मुक्यानं रोवणा केला. पाचव्या दिवशी गुडघ्याचं कारण सांगून गेल्याच नाहीत. सत्यभामाकाकू आणि गुडघ्याचं कारण! मला ते ऐकून रडू आलं, खोटं कशाला बोलू.

इथं मी मधे पडले. त्या दिवसांत एक नवं ॲप आलं होतं. नाव सांगत नाही, उगाच त्याची जाहिरात कशाला. जुन्या ॲपांवर आता बाजाराच्या दिवशीच्या एसटीसारखी गर्दी, नव्यात अजून जागा आहे, लवकर चढा, असं सगळे व्हिडिओवाले सांगत होते. मी तसले सतरा व्हिडिओ पाहिले, वहीत टिपून घेतले आणि काकूंकडे गेले. "काकू, तुमचं गाणं टाकू. हजारो लोक ऐकतील."

"हजारो लोक घेऊन मी काय करू वो?" काकू म्हणाल्या. मग दुसरीकडे पाहत, "तिकडं भोसरीत दिसते का हे?"

"जगात दिसते."

"मंग मी एक ओळ म्हनीन आन् थांबीन."

"काहून?"

"काहून म्हंजे? उचलाले नको काय कोनी?"

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी मला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. कौशल्याबाईंनी ओळ उचलावी, बस. पण माझ्या डोक्यात दहा हजारांचा आकडा बसला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

पहिला घोटाळा पहिल्याच दिवशी केला. आपण लोकांना फॉलो केलं की लोक आपल्याला करतात, असं वहीत होतं. मी एका दुपारी जेवण विसरून अकराशे लोकांना फॉलो केलं. ॲपला संशय आला आणि त्यानं दोन दिवस खातंच बंद ठेवलं. उघडल्यावर जे आले त्यात एक चपलांचं दुकान, ट्रॅक्टरवाले पंजाबी आणि कुठल्या तरी देशातला एक दाढीवाला कुस्तीगीर होता. तो रोज काकूंना हात जोडायचा. बिचारा भला होता, पण तो रोवण्याची ओळ काय उचलणार?

मग मी गावाकडे वळले, आणि इथं तर मी कहर केला. आमच्याकडे लग्नाचं नेवतं घरोघरी जाऊन द्यावं लागतं. घरी जाऊन बोलावलं नाही तर माणूस मांडवात पाय ठेवत नाही. मी तसंच केलं. फोन घेऊन दारोदारी फिरले, चहा प्याले, लोकांचे फोन हातात घेतले आणि स्वतःच्या बोटानं फॉलोचं बटण दाबलं. तीनशे बारा लोक झाले. व्हिडिओ पाहिले नऊ जणांनी. पिकतं तिथं विकत नाही. ज्या काकू सकाळी नळावर भांडताना फुकटात दिसतात, त्यांना फोनमध्ये कोण पाहणार? तरी मला राग आला. शेजारच्या निर्मलाबाईंनी बटण परत काढलं हे कळल्यावर मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना बिचारीला पत्ताच नव्हता. त्या सासूला विचारत होत्या म्हणे, रुखमिणी आजारी आहे काय.

रोज पाच वेळा गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' टाकायची हेही मीच केलं. त्यामुळे असलेलेही पळाले.

आणि गाणं? काकू ओळ टाकून थांबायच्या, कॅमेऱ्याकडे बघत. ती थांबलेली जागा मला रिकामी वाटायची. व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं, दोन सेकंद शांतता झाली की माणूस अंगठा सरकवतो. म्हणून मी ती जागा कापली. कधी तिथं ढोलकी भरली, कधी माझ्याच आवाजात पुढची ओळ. माझा आवाज म्हणजे फुटकं पातेलं. काकू रोज संध्याकाळी येऊन विचारायच्या, "किती जनी आल्या?" मी आकडा सांगायचे. मग त्या विचारायच्या, "कोनी उचललं?"

"लोकांना आवडलं, काकू."

"ते नाही विचारलं," म्हणायच्या आणि चपला घालून निघून जायच्या.

तिसऱ्या बांधीतल्या बांगडीचा व्हिडिओ त्यातल्या त्यात चालला. म्हणून मी तो तीनदा टाकला. त्याखाली भोसरीचं कुठलंसं ब्युटी पार्लर येऊन एकच शब्द लिहायचं, 'चूक'. पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा पुसलं. तिसऱ्यांदा जरा मोठं लिहिलं होतं, 'चूक आहे, तिसरीत पदर.' मला वाटलं, पार्लरवाले जाहिरातीसाठी काहीही करतात. पदर, साडी, मेकअप, असंच काहीतरी असणार! भोसरी हा शब्द डोळ्यासमोर असूनही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. वहीत लिहिलं होतं, वाईट बोलणाऱ्याला ठेवू नका. मी ठेवलं नाही. ब्लॉक केलं आणि हात झटकले.

श्रावणात एका दुपारी काकू केंद्रात येऊन खुर्चीवर बसल्या. बाहेर कोणी नव्हतं. म्हणाल्या, "रुखमा, बंद कर आता हे. मी नाही म्हनत याच्यापुढं."

"असं काहून म्हणता? आता तर लोक यायला लागले."

"तीस वर्सं गायली मी. असं कधी नाही झालं का कोनी नावं नाही ठेवली. सगळे आपले छान छान म्हनून राहिले. म्हंजे ऐकूनच नाही राहिले कोनी." त्यांचा आवाज भांडताना असतो तसा नव्हता. "गानं गेलं समज माझं."

मला ते सहन झालं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी बोलून गेले, "नावं ठेवणारे पण होते, काकू. मीच हाकलले. एक पार्लरवाली तर सारखी चूक, चूक करून राहिली होती."

"काय चूक?"

"काही नाही वो, तिसरीत पदर म्हणे."

काकू उठल्या. माझ्या टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "कौशल्या आहे ते."

"ते पार्लर आहे, काकू."

"पार्लर असो नाही तं तहसील असो. हे जगात एकच बाई म्हनते." आणि मग जो पट्टा सुटला! "ओळीत आलेल्या बाईले तू वापस धाडली? उशिरा येओ, भांडून येओ, धुऱ्यावर आलेल्या बाईले आपन जागा देतो. तुले दोन वर्सं ओळीत उभी केली, हेच शिकली काय तू? बलाव तिले!"

मी मान खाली घालून ब्लॉकची यादी उघडली. पार्लरच्या खात्यावर गेले तर मालकिणीचं नाव रिता, आणि एका फोटोत तिच्या मागं केक धरून चंद्रकुमार उभा. म्हणजे कौशल्याबाईंची सून. त्या सुनेच्या फोनवरून तीनदा ओरडल्या होत्या आणि मी तीनदा त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"आता तरी फोन लावू?" मी विचारलं.

"फोन नको. गानं लाव."

आम्ही तळ्यावर, बोडीच्या पाळीवर गेलो. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. ढोलकी नाही, फुलं नाहीत. "तिसऱ्या बांधीत, माय, बांगडी माझी फुटली," असं म्हटलं आणि थांबल्या. मी थांबवायचं बटण दाबलं नाही. त्या किती तरी वेळ तशाच कॅमेऱ्याकडे पाहत उभ्या होत्या आणि मागं बगळे उडत होते. मी एक सेकंदही कापला नाही. तसंच टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पार्लरच्या खात्यावरून व्हिडिओ आला. मी चालू दाखला अर्धा सोडून, केंद्र उघडं टाकून काकूंकडे धावत गेले. पार्लरच्या फिरत्या खुर्चीत कौशल्याबाई बसल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर टॉवेल. आधी दम लागेपर्यंत गायल्या, "तिसऱ्या बांधीत, माय, पदर माझा भिजला, भिजला तं भिजू दे, मांगं नको पाहू." मग चष्मा काढून थेट कॅमेऱ्यात बघत म्हणाल्या, "चूक! बांगडी चौथीत! किती वेळा सांगू तुले, सत्ये? आन् मी त्या दिवशी दोनदा आली होती तुह्या दारी. कुलूप होतं. तूच नव्हती घरी!"

काकू हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि तो पदर डोळ्यांवर गेला. मी बाजूला होऊन तुळशीकडे बघत राहिले, कारण माझीही तीच गत होती.

त्यानंतर बाकीच्या आल्या. रायपूरला दिलेली एक, सुरतेत गिरणीवाल्याच्या घरातली एक, नागपूरच्या तर कितीतरी. लेकी सगळ्या आपल्या झाडीतल्या, या धानाच्या मुलखातल्या. स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, कोणी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून हळू आवाजात. सगळ्यांनी ओळ उचलली. कुस्तीगिरानं हात जोडले. मी आकडा पाहिलाच नाही. काकूंनी मात्र बोटांवर मोजलं. सेहेचाळीस जणी. "मोठी ओळ झाली," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी जरा ताठ मानेनं विचारलं, "काकू, आता तो व्हिडिओ सुधारून टाकू का? पदरवाला बरोबर म्हणा एकदा. चुकीचं राहिलं तर बरं दिसत नाही."

काकू पऱ्ह्यांची जुडी बांधत होत्या. पटेलाच्या उशिराच्या बांधीत अजून रोवणा बाकी होता आणि गुडघा एकाएकी बरा झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या अगदीच बयताड पोरीकडे पाहावं तसं.

"मले काय मालूम नाही, पदर कोन्त्या बांधीत आहे ते?" काकू म्हणाल्या. "तीस वर्सं गाऊन राहिली मी. बरोबर म्हटलं तं कौशल्या बोलंन कशाले?"