चौपेडी ज्योत

सुरळीत चाललेल्या गोष्टीचा इतका मनापासून कंटाळा असलेला माणूस माझ्या ताईच्या नवऱ्याखेरीज दुसरा कोणी असेल, असं मला वाटत नाही. ट्रेन वेळेवर आली की भाऊजींचा चेहरा पडतो. कुकरच्या शिट्ट्या एकसारख्या झाल्या तर ते मान वर करत नाहीत. पण एक लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड असं सुरू झालं की ओट्यापाशी धावतात आणि "दुपेडी झाली रे, ये लवकर" म्हणून मला बोलावतात. मीही जातो. गॅस बंद करायचा असतो हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात राहत नाही. इथे परदेशात, हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघे राहत होतो, तेव्हा करपकं वरण हीच आमची घराण्याची चव होती.

भाऊजी इथल्या एका युनीत, म्हणजे विद्यापीठात, प्लाझ्मावर संशोधन करतात. मी आयटीतला माणूस. प्लाझ्मा म्हटल्यावर मला रक्तातलाच आठवला, आणि वाण्याच्या दुकानात रांगेत उभं राहून मी मेहुणे रक्ताचे मोठे डॉक्टर असल्याचं सगळ्यांना सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी एक काकू साखरेचे रिपोर्ट घेऊन दारात हजर. भाऊजींनी ते आकडे चष्मा पुसून दोनदा वाचले आणि म्हणाले, "वा, काय सुंदर चढउतार आहेत." काकू इतक्या खूश झाल्या की जाताना ढोकळा देऊन गेल्या.

खरा प्लाझ्मा मी नंतर लॅबमध्ये पाहिला. काचेच्या नळीतून हेलियम सोडायचा, त्याला वीज द्यायची, की नळीच्या तोंडाशी उघड्या हवेत पेन्सिलीएवढी जांभळी ज्योत उभी राहते. बोट लावलं तरी भाजत नाही. दिसायला ती स्थिर, पण आत विजेचे ठोके पडत असतात आणि ते पडद्यावर उमटतात. आधी सगळे सारखे. वीज वाढवली की एक मोठा, एक लहान. आणखी वाढवली की चार निरनिराळे, पुन्हा तेच चार. आणि मग एकाएकी असा गोंधळ, की कुठलाच ठोका दुसऱ्यासारखा नाही. या अवस्थांना इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. भाऊजींनी मात्र त्यांना कॉलेजातल्या ताईच्या वेणीवरून नावं दिली होती: एकपेडी, दुपेडी, चौपेडी आणि शेवटी मोकळे केस. ही नावं घेताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

आणि ताई होती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीच्या हॉस्पिटलात नोकरीला. पर्थला उतरून पुन्हा विमान. चौपेडी दिसली की काम आवरून येतो, असं भाऊजींनी तिला कबूल केलं होतं. पण ज्योत दुपेडीवरून थेट केस मोकळे सोडायची. चौपेडी काही केल्या दिसेना. सुरुवातीला ताई फोनवर मला विचारायची, "काय रे, सवतीची वेणी झाली का घालून?" मग विचारेनाशी झाली. ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

एका शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, भाऊजी डबा घरीच विसरले, म्हणून मी तो लॅबमध्ये घेऊन गेलो. ताईच्या लग्नात आईने दिलेला, नाव घातलेला स्टीलचा डबा. टेबलावर वायरींचं रान माजलेलं. मोकळी जागा एकच होती, ज्योतीसमोर. तिथे डबा सरकवला आणि ज्योतीचा सूर बदलला. ती डब्याकडे वाकली. मी घाबरून हात काढणार, तोच भाऊजी खोकला दाबावा तसे म्हणाले, "हलू नकोस. श्वाससुद्धा बेताने घे."

पडद्यावर चार ठोके होते. पुन्हा तेच चार.

मी आणि डबा मिळून विजेला नवी वाट झालो होतो. विज्ञानाला माझा उपयोग झाला तो वायर म्हणून. हाताला मुंग्या आल्या, आतली खिचडी गार झाली, आणि भाऊजी एकेक ठोका नोंदवत डोळे पुसत होते.

आता जायला हरकत नव्हती. तर भाऊजींनी नवी कारणं काढली. डबा अॅल्युमिनियमचा असता तर? धरणारा माझ्याहून बारीक असता तर? शेवटी मी ताईला फोन करून सगळं सांगितलं. तिने आधी डबा कुठला ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "डबा माझा आहे. नाव आहे त्यावर. त्याला म्हणावं, आणून दे."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. भाऊजींनी डबा उलटा केला, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तिकीट काढलं.

डबा पोचवून लगेच येतो म्हणाले होते. अजून आलेले नाहीत; उरलेलं लिखाण तिथूनच करतात. विमानतळावर ताई समोर आली तेव्हा तिने केस मानेपर्यंत कापलेले होते. त्यांना पत्ताच नव्हता. "पेड मोजायला काही ठेवलंच नाहीस," एवढंच म्हणाले, असं ताई हसत सांगत होती. आता पुन्हा वाढवतेय म्हणे. उन्हाने मान भाजते म्हणून.

इथे माझा कुकर हल्ली फार शिस्तीत असतो. परवा मात्र एक शिट्टी लांब झाली, एक आखूड, पुन्हा लांब. मी ओट्यापाशी धावलो, भाऊजींना हाक मारायला तोंडही उघडलं. मग गॅस बंद केला. वरण अजिबात करपलं नव्हतं. तसंच जेवलो.