काळा कोट आणि पागोटे

अलिबागेत कलेक्टरसाहेबांची मेजवानी होती. विलायती काळा कोट आणि गळ्यात काळा बो, अशी निमंत्रितांना सूचना होती. शिंप्याच्या दुकानात माझ्याबरोबरच आणखी एक निमंत्रित गृहस्थ कोट घालून पाहत होते. तो त्यांना इतका शोभत होता, की मला हेवा वाटला. विलायती पद्धतीप्रमाणे त्यांनी पागोटे उतरवताच दारातून त्यांची पत्नी कडाडली, "अहो, बोडक्यानं जेवायला जाणार? कोण मेलंय आपलं?"

"हुकूम!" म्हणत त्यांनी हसून पागोटे पुन्हा चढवले आणि मला विचारले, "तुमच्या घरून काय हुकूम?"

"चालेल म्हणाली," मी उत्तरलो. माझी पत्नी वारून वर्ष झाले होते.

परक्या संसारातल्या दटावणीचा हेवा करू नये, हे मला कळत होते. तरीही मी उघड्या डोक्याने, त्यांची पत्नी आणखी काही बोलेल म्हणून, तिथेच रेंगाळलो.