बापानं दिली, नशिबानं नाय

सुनंदा आज पहाटे गेली. मला आधी राग आला. रडू नंतर.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या कॉलेजात आम्ही दोघी टी.वाय.ला, विषय इंग्रजी.
मी गावातली, बँकेतल्या साहेबांची मुलगी. ती खाडीकाठची, मिठागरवाल्यांची.

सर जुनं इंग्रजी काव्य शिकवत होते. दोन टोळ्यांचं वैर मिटावं म्हणून राजा आपली मुलगी शत्रूच्या घरी द्यायचा. वैर पुन्हा पेटायचं, आणि मध्ये तीच होरपळायची.

सर म्हणाले, "ही माणसं सगळं नियतीवर सोडून द्यायची."

सुनंदा उभी राहिली.
"सर, तिला बापानं दिली. नशिबानं नाय दिली."

वर्ग हसला. तिच्या बोलण्याला हसला, मेला.
सर नाही हसले. म्हणाले, "एमए कर. यावरच लिही."

झालं! तेव्हापासून बाईंच्या डोक्यात एमए.

त्याच दिवाळीत तिचं लग्न ठरलं. शेताच्या बांधावरून ज्या घराशी तिच्या वडिलांचं पिढीजात भांडण, त्याच घरात. सोयरीक झाली की भांडण मिटेल, असं पंचांचं म्हणणं.

मी म्हटलं, "अगं, हे तर आपल्या सिलॅबसमधलं!"
"हाय ना," ती म्हणाली. "पन परीक्षेला बसवनार हायेत. शब्द दिलाय त्यांनी."

परीक्षेआधीच बांधावर पुन्हा डोकी फुटली. सासऱ्यांनी तिचं माहेर तोडलं. कॉलेजचा रस्ता माहेरच्या गावातून जायचा, म्हणून कॉलेजही तुटलं.

एमए सोडा, बीएसुद्धा राहिलं.
आई गेली तेव्हाही तिला जाऊ दिलं नाही. माहेर हाकेच्या अंतरावर होतं हो!

फोनवर मी कधी "नशीब गं" म्हटलं की भडकायची.
"नावं सांगू का तुला, कोन कोन होतं त्या बैठकीला?"

आज तिच्या घरी गेले, तर सगळे खोळंबलेले. सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची लागते. ती आल्याशिवाय उचलायचं कसं?

मग तिचा भाऊ आला. हातात हिरवी साडी. अंगणातच थबकला.
तिच्या नवऱ्यानं उठून त्याला हाताला धरून आत नेलं.

इतकं सोपं होतं तर!

सुनंदा, नीट जा गं.
तुझा भाऊ आज तुझ्या घरी आला होता. त्याला चहा करून द्यायला तू हवी होतीस.