तिसरं नोझल

अप्पांची गाडी दुरुस्त व्हावी अशी माझी अजिबात इच्छा नव्हती, आणि तरी ती दुरुस्त करायला लातूरच्या अंगणात उकिडवी बसले होते ती मीच. बापाला नाही म्हणता येत नाही, या दुखण्यावर अजून औषध निघालेलं नाही.

गाडी म्हणजे जुन्या घडणीची पांढरी डिझेल मोटार. गोल खांदे, मागे सोफ्यासारखी सीट, आणि दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. कुठल्याशा सरकारी साहेबाची ती अप्पांनी लिलावात घेतली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून ती अप्पांशिवाय कुणी चालवलेली नाही. भाऊ मागून थकला, मी मागायचं सोडून दिलं. "हिचा गिअर तुम्हाला न्हाई कळायचा," एवढ्या एका वाक्यावर त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. पाने द्यायला, बॅटरी धरायला, नट धुवायला मात्र मी चालायचे. म्हणून मला ही गाडी उघडता येते आणि चालवता येत नाही.

अप्पांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि समोरचंही आता धुरकट होत चाललंय. मागच्या येळवशीला शेतातून परत येताना त्यांनी आमच्याच फाटकाचा खांब घासला. खाली उतरून, चष्मा पुसून म्हणाले, "गवंड्यानं खांब वाकडा बांधलाय." नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. खांब माझ्या जन्माआधीपासून तिथे उभा आहे. खांबाच्या जागी कुणाचं लेकरू असतं तर, हा विचार नंतर वर्षभर माझ्या डोक्यातून गेला नाही. अप्पांना तसं बोलून दाखवायची हिंमत मात्र आमच्यापैकी कुणाचीच झाली नाही.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरला कुलूप लागतं. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात, पण जेवण शेतातच. आणि आमच्या घरची पद्धत अशी की शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं आणि आम्ही सगळे अप्पांच्या गाडीतून जाणार, अप्पा चालवणार. वर्षभर अंगणात उभं राहून गाडी रुसली होती. सुरू व्हायची, पांढरा धूर ओकायची, दोन सिलिंडरवर लंगडायची आणि बंद पडायची. तेव्हा अप्पांनीच जाहीर केलं, "नोझल साफ करायचे. येळवशीपर्यंत चालू झाली तर मी चालवीन. न्हाई झाली तर भंगारात."

नोझल म्हणजे इंजेक्टर, इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, आमच्याकडे तो नोझलच.

पुण्याला भावाला फोन केला. तो हसला. "बिघडलीय ना? मग दुरुस्त कशाला करायलीस? देव पावला समज." त्याचं सांगायला काय जातं? तो पुण्यात, आणि अप्पांसमोर मी. मी नांदेडला नोकरी करते, शनिवारी एसटीनं लातूरला येते, रविवारी संध्याकाळी परत जाते. तो सगळा महिना माझा प्रत्येक रविवार त्या बॉनेटखाली गेला.

मी मनाशी ठरवलं होतं की काम वरवर करायचं. झालं तर झालं, नाही तर बरंच. पण हाताला वळण लागलेलं असतं. एकदा पाना हातात घेतला की मला अर्धवट काही करता येत नाही, आणि अर्धवट झालं की तळपायाची आग मस्तकात जाते. शिवाय ते इंजिन. वर्षभराची धूळ, त्यावर तेलाचा थर, त्यावर कुठल्या तरी पाखरानं आणलेल्या काड्या. रेशनचं रॉकेल कधीचंच बंद झालंय, म्हणून धुवायलासुद्धा डिझेलच. जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या आणि बसले घासत. अप्पा शेजारी खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी टेकवून मला शिकवत होते.

"नळी सोडायच्या आधी तिच्या तोंडाला फडकं बांध."

"बांधलंय, अप्पा."

"मंग दिसंना कसं?"

मी नळी सोडायला घेतली.

पहिली दोन नोझलं निमूट निघाली. तिसरं अडलं. त्याच्या बुडाशी काजळी अशी धरली होती की ते इंजिनाच्या हेडमधून हलेना. डिझेल सोडून ठेवलं, जेवून आले, पुन्हा हलवलं. काहीही नाही. समोरचे गुरुजी, म्हणजे आमचे शेजारी, तांब्या घेऊन फाटकाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हातोड्यानं हळूच ठोका की." रस्त्यानं जाणारा दूधवाला म्हणाला, ठोकू नका, गरम करा. गल्लीत गाडी उघडली की प्रत्येक जण मिस्त्री होतो. मी दात-ओठ खात ते नोझल डावं-उजवं, डावं-उजवं फिरवत राहिले, आणि ते सुटलं तेव्हा माझं अंगठ्याचं नख अर्धं उलटलं होतं. चौथं त्यामानानं गुणी निघालं.

प्रत्येक नोझलाखाली भोकाच्या तळाशी तांब्याचा एक वायसर असतो, पैशाएवढा. तो नोझलाबरोबर वर येतोच असं नाही, बरेचदा तळाशी चिकटून राहतो. टोक वाकवलेल्या तारेनं तो अदमासानं ओढून काढावा लागतो. मी तार हातात घेतली तर अप्पा उठले. "आण इकडं. तुला न्हाई जमायचं. ह्यो हाताचा कारभार हाय, डोळ्याचा न्हाई." वाकले, एकेका भोकात तार घातली, खरवडलं. बराच वेळ खरवडलं. मी तेवढ्यात हात धुऊन आले. आले तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि म्हणाले, "झालं. निघाले सगळे."

नोझलं मी स्टीलच्या डब्यात डिझेलमध्ये बुडवून नांदेडला नेली. डब्याचं झाकण घट्ट आहे असं आईनं शपथेवर सांगितलं होतं. अहमदपूर यायच्या आत माझ्या साडीला, पर्सला आणि शेजारच्या बाईच्या पिशवीला डिझेलचा वास सुटला. कंडक्टरनं दोनदा नाक मुरडलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच, "काय हाय त्याच्यात?" मी सांगितलं, भज्जी.

नांदेडच्या पंपवाल्यानं, म्हणजे डिझेलपंप-नोझल दुरुस्त करणाऱ्यानं, ती टेस्टरवर लावून दाखवली. दोन बरी होती, दोन नळासारखी टपटप गळत होती. फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे, थेंब पडता कामा नये. त्यानं पुढची टोकं बदलली, वरून चार नवे वायसर दिले आणि म्हणाला, "बाई, आता चिंता नको. एका सेल्फमधी उठंल."

कसलं एका सेल्फमध्ये. पुढच्या रविवारी बसवली, नळ्या आवळल्या, हातपंप मारमारून लाइनमधली हवा काढली, आणि सेल्फ मारला तर गाडी खोकली. पांढरा धूर, आणि तिसऱ्या नोझलाच्या बुडातून फस फस असा आवाज, प्रेशर कुकरची शिटी नीट न बसल्यासारखा. बुडाशी काळं ओलं दिसायला लागलं. उघडलं, पुसलं, पुन्हा बसवलं, पुन्हा हवा काढली. पुन्हा फस फस. बॅटरी उतरली. गुरुजींच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली, तीही उतरवून परत केली. गुरुजींचं तोंड त्या दिवसापासून जरा वाकडं झालं.

"अजून आवळ," अप्पा म्हणाले.

"आणखी आवळलं तर नोझल धरणारा स्टड तुटेल."

"मंग त्या नांदेडवाल्याचे वायसर खराब असतील. लातुरात काय नोझलवाले मेले व्हते?"

मला इतका संताप आला की मी पाना जमिनीवर टाकला आणि आत जाऊन पाणी प्यायले. घरात आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "त्यांच्यावर चिडू नको गं. लई मन लागलंय त्यांचं त्या गाडीत." मला आईचाही राग आला. सगळ्या घराला त्यांच्या मनाची काळजी आणि डोळ्यांची कुणालाच नाही. तरी बाहेर गेलेच, तेच नोझल पुन्हा उघडलं आणि पुन्हा हरले. आश्चर्य एवढंच वाटलं की माझा असा तिळपापड होत असताना अप्पा शांत होते. एरवी साधा टायर बसला तर घर डोक्यावर घेणारा माणूस.

येळवशीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून आले. आई मागच्या अंगणात शेजारणीबरोबर भाज्या निवडत होती. घरभर आंबिलीचा आंबूस वास. मी शेवटचा उपाय म्हणून जुने वायसर वापरून बघायचं ठरवलं. तांबं गॅसवर लाल केलं की मऊ पडतं आणि नीट बसतं, हे अप्पांनीच मला लहानपणी शिकवलेलं. जुने वायसर अप्पांनी पान्यांच्या पत्र्याच्या पेटीत टाकले होते. पेटी उपडी केली. तीन निघाले. पुन्हा शोधलं, खुर्चीखाली, तुळशीपाशी. तीनच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चौथा वायसर अजून तळाशीच होता. त्या काजळलेल्या जुन्यावर मी नवा ठेवून आवळत बसले होते. दोन बसले की नोझल वर राहणार, आणि फटीतून हवा जाणारच. जगाच्या अंतापर्यंत आवळलं असतं तरी गाडी उठली नसती.

मी त्या पेटीशी बसून राहिले. अप्पा आत झोपले होते. मी काहीच बोलले नाही तर उद्या आम्ही रिक्षानं शेतात जाऊ, परवा भंगारवाला येईल, आणि कुणाचं लेकरू, कुणाची म्हातारी, खुद्द अप्पा, सगळे सुखरूप राहतील. भाऊ म्हणाला तसा देव पावला होता. गप्प बसणं एवढंच माझं काम होतं. पण ते इंजिन अप्पांच्या जिंदगीची एकुलती ऐट होती, आणि तांब्याच्या एका पत्रीपायी ते भंगारात जाणार होतं. माझ्यानं ते होईना. मी आईची गोणी शिवायची दाभण घेतली, चिमट्यानं तिचं टोक वाकवलं आणि तिसरं नोझल उघडलं. बॅटरीच्या उजेडात तळाशी तो दिसलाच, काळाकुट्ट. खरवडता खरवडता हात भरून आला. निघाला एकदाचा.

बसवलं, हवा काढली, सेल्फ मारला. गाडी एका दमात उठली. धूर नाही, खोकला नाही. अंगणातली चिमणी उडाली. महिन्यात पहिल्यांदा मी हसले, एकटीच.

अप्पा आवाजानं बाहेर आले. दारातच थांबले. मी काळे हात वर करून त्यांना वायसर दाखवला. म्हणाले असते शाबास, तर माझा सगळा महिना वसूल झाला असता. पण त्यांचा चेहरा उतरला. ते हळूहळू चालत खुर्चीपाशी आले, बसले, आणि इंजिनाच्या आवाजात मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "कशाला काढलास?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी निघंनाच त्यो. दिसंना बी. मग म्हणलं, ऱ्हाऊ दे."

ते माझ्याकडे बघत नव्हते.

"दिसत न्हाई गं मला. मागल्या टायमाला आपलं फाटकच दिसलं न्हाई. गाडीच बंद हाय म्हणलं की कुणी काही इचारत न्हाई."

मला आधी राग आला, आणि तो खरा राग होता. माझे रविवार, माझी साडी, माझं नख, एसटीचे धक्के, सगळं एकदम आठवलं. एका शब्दानं सांगितलं असतं तर? पण तो एक शब्द त्यांना आयुष्यात कधी जमलेला नव्हता, आणि आता त्यांनी तो माझ्याजवळ बोलून दाखवला होता. मला हवं होतं तेच झालं होतं.

समोर गुरुजींच्या फाटकाची कडी वाजली. मागून आईची हाक आली, "झाली का गं चालू?" अप्पांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

मी पाना उचलला आणि तिसऱ्या नळीचा नट सैल केला. डिझेल फुर्र करून उडालं, इंजिन लंगडं झालं, थडथडलं. मी बंद करायची दांडी ओढली.

आई पदरात शेंगा घेऊन आली. "झाली व्हती की."

"झाली होती," मी म्हणाले. "टिकली नाही. नोझलच गेलंय."

गुरुजी येऊन उभे राहिले. अप्पा काठी टेकत उठले, ताठ झाले, आणि त्यांचा जुना आवाज परत आला. "पोरीच्या हाताला आवळायला जोर न्हाई. एवढं सांगितलं, ऐकंल तर शपथ. माझ्या हातात दिलं असतं तर उद्या तुम्हाला बी शेताला नेलं असतं, गुरुजी. एवढी चांगली गाडी, वाट लावली हिनं."

ते बोलत राहिले. मी चिंधीनं एकेक पाना पुसून पेटीत ठेवत होते. गुरुजींना माझी दया आली असावी. त्यांनी डोळ्यानं खुणावलं, मनावर घेऊ नको, म्हातारं माणूस आहे.

मी मान हलवली आणि म्हणाले, "माझंच चुकलं, अप्पा."