पत्र्याखालची पट्टी

शेवटची भेटले तेव्हा पमा कॉटवर उशीला टेकून बसली होती. नांदेडचं तिचं एका खोलीचं घर, वर पत्रे. मी शेजारी टेकताच तिनं सवयीनं माझ्या गुडघ्याच्या वर अंगठा दाबला. भेटेल त्याचा स्नायू चाचपायची तिची खोड जुनीच. ‘‘दगड झालाय नुसता, शैले,’’ ती म्हणाली, ‘‘त्या दिवशीही असाच होता.’’ कुठल्या दिवशी, ते मी विचारलं नाही. चहा टाकते म्हणून उठले आणि ओट्याशी उगाच भांडी हलवत राहिले... पुढच्याच आठवड्यात ती गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला. त्याला आता महिना होईल. तिला सांगायचं राहिलं ते मी इथं लिहिते आहे, आणि यात शौर्य काही नाही हे मला कळतं.

डॉ. प्रमिला म्हणजे आमची पमा मूळची मुदखेडची, वडील रेल्वेत. नांदेडला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी लातूरला जीवशास्त्राच्या शिकवण्या घेऊ लागले आणि ती ‘माणूस चालतो कसा’ या प्रश्नामागे लागली. लोक हसायचे. चालतो कसा म्हणजे काय, पायानं चालतो. पमा न चिडता हसणाऱ्यालाच उभं करायची आणि एक पाऊल टाकायला लावायची. पाय पुढे जाताना मांडीचा पुढचा स्नायू ओढतो, तेव्हा मागच्यानं ढिलं पडायचं असतं. मग मागच्याची पाळी. ही वाटणी बिघडली की माणूस लाकडासारखा चालतो, एवढंच तिचं शास्त्र, आणि त्यात तिनं आयुष्य घातलं. बसस्टँडवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत उभी राहायची आणि तिची गाडी निघून जायची. मग माझ्या घरी मुक्काम, आणि माझी बोलणी.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. ढिगाऱ्यातून निघालेल्यांची मोडलेली हाडं जुळली होती, तरी काही जणांचे पाय ताठच राहिले होते. त्यांच्यावर पमाची पीएचडी. स्नायूंचा ताण टिपणारं यंत्र ठेवायला मी माझ्या क्लासचा हॉल दिला, नवाकोरा, वर पक्का स्लॅब. मांडीला पुढून-मागून चकत्या चिकटवायच्या, वायरी यंत्राला जोडायच्या आणि माणसाला चालवायचं. यंत्रातून कागदाची पट्टी निघे, तिच्यावर दोन रेघा, एकेका स्नायूची एक. प्रत्येकाच्या पट्टीवर दोन्ही स्नायू एकाच वेळी ताणलेले दिसले. दुखापतीनं वाटणी कायमची मोडली, असं तिनं प्रबंधात लिहिलं. प्रबंध गेला, तोंडी परीक्षेची तारीख आली, एका संशोधन संस्थेतली जागा जवळपास ठरली. एका सर्जननं तो वाचून मागचे स्नायू सैल करायच्या ऑपरेशनांची यादीही केली. यादीत पहिलं नाव कलावतीबाईंचं, भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावच्या. आठ दिवसांवर ऑपरेशन.

त्याआधी त्यांची एक शेवटची नोंद पमाला हवी होती. त्या वर्षी आमच्याकडं बॅचवर बॅच लागत होत्या, पोरं जिन्यात बसून वह्या लिहीत. मी वैतागलेलीच होते. ‘‘तुझं चालणं-बिलणं घेऊन मागं सायकलस्टँडमध्ये जा,’’ म्हणाले. ती मुकाट्यानं यंत्र उचलून पत्र्याखाली गेली. तासाभरानं खिडकीतून पाहिलं तर ती कलावतीबाईंना परत परत चालवत होती आणि पट्टी डोळ्यांजवळ धरून बघत होती. रेघा वेगळ्या निघत होत्या. एक वर जाताना दुसरी खाली, कुठल्याही धडधाकट माणसासारखी. बॅच सुटल्यावर तिनं बाईंना हॉलमध्ये आणून चालवलं. पुन्हा दोन्ही ताणलेल्या.

‘‘बाई, आत डोस्क्यावर सिलॅब हाय की,’’ कलावतीबाई सहज म्हणाल्या. ‘‘वजनाखाली पाय ढिला पडत न्हाई. पळायच्या बेतातच ऱ्हातो, बगा.’’

पमानं आधीच्या पट्ट्या बाकावर पसरल्या. सगळ्या नोंदी माझ्या हॉलमधल्या. ‘‘मी दुखापत मोजलीच नाही, शैले. भीती मोजली.’’

बाई गावाला गेल्यावर आमचं भांडण झालं. ती म्हणे, ही पट्टी घेऊन सर्जनकडे जाते आणि प्रबंध परत घेते. मी म्हणे, एका पट्टीपायी सहा वर्षं पाण्यात घालू नको, परीक्षा होऊ दे, मग बघ. ‘‘तोवर त्या बाईचा चांगला स्नायू कापतील,’’ ती म्हणाली. डॉक्टर काय आंधळे आहेत का, असं मी म्हणाले. ती हातपाय धुवायला गेली तेव्हा पट्टी टेबलावर होती. मी ती उचलली आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटात टाकून कुलूप लावलं. तिच्या भल्यासाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर माझी मैत्रीण मोठी झालेली मला बघायची होती.

तिनं हॉल उलथापालथा केला. शेवटी माझ्यासमोर बसली, माझ्या गुडघ्याच्या वर हात ठेवला आणि विचारलं, ‘‘तुझ्याकडं नाही ना?’’ मी नाही म्हणाले. तिचा हात थोडा वेळ तिथंच राहिला... मग तिनं तो उचलला.

पुढचे सात दिवस ती गावोगाव फिरली. पुराव्याशिवाय सर्जन ऐकेना, म्हणून एकेकाला आणून पुन्हा सगळ्यांना सायकलस्टँडमध्ये चालवलं. मीही बॅच सोडून वायरी धरायला उभी राहिले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्या पट्ट्या घेऊन ती दवाखान्यात गेली आणि यादी रद्द झाली. प्रबंध तिनं परत घेतला. मार्गदर्शक बोलेनासे झाले, ती जागाही गेली. डॉक्टरेट बऱ्याच वर्षांनी मिळाली, आणि जन्मभर ती नांदेडला फिजिओथेरपीच्या पोरींना शिकवत राहिली. कुठलाही निष्कर्ष समोर आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘माणसाला चालवलं कुठं?’’

गेल्या आठवड्यात, पमा गेल्याचं कळलं म्हणून, कलावतीबाई मला भेटायला आल्या. आता हॉलवर आणखी तीन मजले चढले आहेत. त्या आत आल्या नाहीत, मागं पत्र्याखाली जाऊन बसल्या. मी कपाट उघडलं. पट्टी होती, पण तसल्या कागदावरचं छापलेलं टिकत नाही. दोन्ही रेघा उडून गेल्या होत्या. कडेला पमाच्या हातचं बॉलपेननं लिहिलेलं तेवढं उरलं होतं, ‘कलावतीबाई, पत्र्याखाली.’

‘‘हे बाईंचं अक्षर की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्याकडं कसं?’’

‘‘मी चोरलं होतं.’’

त्यांनी पट्टी मांडीवर सरळ केली. मग म्हणाल्या, ‘‘लई हुडकलं हो त्यांनी. दुसऱ्या दिशी पयल्या गाडीनं आमच्या गावाला आल्या. माझ्या पिशवीत चुकून आलं का, म्हून इचारत हुत्या. समदी पिशवी उलटी करून दावली म्या.’’

म्हणजे माझ्या मांडीचा दगड हाताला लागल्यानंतरही ती तिथं गेली होती. जिचा जन्मभर माणसाच्या शब्दापेक्षा त्याच्या स्नायूवर भरवसा, तिनं त्या एका दिवशी माझा शब्द खरा धरला आणि पिशव्या तपासत फिरली.

कलावतीबाई पट्टी घेऊन गेल्या. मी पत्र्याखाली बसून राहिले, आणि गुडघ्याच्या वर अंगठा दाबून पाहिला.