कर्ण्याचं तोंड कुणीकडं

परवा येडशीला नातवाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणाआधी पणती गिटार वाजवून गाणार म्हणून अंगणात माईक लावला, गिटारचा तो अ‍ॅम्प्लिफायर मांडला... आणि पहिल्याच सुराला त्यातून अशी किंकाळी निघाली की सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

नव्वदी उलटली तरी ह्या आवाजाला मी भितो. (हे मी सांगतोय, टाइप नातसून करतेय. चुका तिच्या.)

पोरीला म्हटलं, माईकचं तोंड त्या डब्याकडं नको. तिनं डबा उचलून माईकच्या पाठीमागं, लोकांकडं तोंड करून ठेवला आणि किंकाळी थांबली. "पणजोबा, तुम्हाला कसं माहीत?" म्हणाली. आता एवढं विचारलंय तर सांगतो...

निजामाच्या राजवटीतली, अगदी शेवटच्या वर्षांतली गोष्ट. अणदूरला खंडोबापुढं चंपाषष्ठीचं पहिलं गाणं म्हणायचा मान आमच्या घरचा. आबा, म्हणजे माझे वडील, वाघ्या. ते म्हणायचे आणि मी मागं उभा राहून तुणतुणं वाजवायचो. मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि स्वभावानं मी तेव्हापासूनच घाबरट.

मुदतीच्या तापातून आबा उठले, पण आवाज पार बारीक झाला. त्या वर्षी मागची माणसं "ऐकू येत न्हाय" म्हणून ओरडायला लागली. पुढच्या खेपेला पाटलांनी आधीच बजावलं, "औंदा सोलापूरचा कर्णा आणतो. त्यावरबी लोकांला ऐकू आलं न्हाय, तर मान दुसऱ्या घराला."

शेत होतं, पोटाची चिंता नव्हती. पण तो मान गेला असता तर आबा खचले असते, हे मला दिसत होतं. 

कर्णा आला. मोटारीची बॅटरी, तापायला वेळ घेणारी एक पेटी, एकच माईक आणि भलामोठा पत्र्याचा कर्णा. कचेरीतून इजाजत मिळाली ती फक्त देवाच्या गाण्यापुरती, म्हणून निजामाचा एक जवानही देवळाच्या दारात आणून बसवलेला... मला त्याचीही भीती.

कर्ण्याबरोबर आलेल्या सोलापूरच्या मास्तरांनी तो दीपमाळेवर टांगला. तोंड देवळाकडं, म्हणजे अंगणात बसलेल्या लोकांकडं. माईक पायरीपाशी उभा केला. तपासायला मी तार छेडली तर एकटं तुणतुणंच घुमायला लागलं. "मागं सरक, अजून मागं..." करत त्यांनी मला पार खांबाला टेकवलं. आबांच्या आवाजाला जागा हवी ना.

मग आबा आले. कपाळाला भंडारा लावला, माईककडं एकदा बघितलं... आणि तो उचलून देवाकडं तोंड करून उभे राहिले. देवाला पाठ करून आमच्या घरात आजवर कुणी गायलं नव्हतं. हे मास्तरांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, ह्यात सांगायचं काय?

माईकचं तोंड आता थेट कर्ण्याकडं झालं. अशी किंकाळी फुटली की गाड्यांचे बैल उधळले, बाया पोरं पोटाशी धरून उठल्या. आबा पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, ते आपल्याच घशातून निघालं.

"बुवा, लोकांकडं तोंड करा, दुसरा इलाज नाही," मास्तर म्हणाले.

आबांनी माईक खाली ठेवला. "देवाला पाठ दावून न्हाय म्हणणार म्या. मान गेला तर जाऊंद्या."

संपलं सगळं, असंच वाटलं. तेवढ्यात पाटील खेकसले, "अवो मास्तर, कर्ण्याला कुठं देव हाय? त्याचंच तोंड फिरवा की."

कर्णा फिरवला. तोंड देवळाच्या बाहेर, वेशीकडं. आबांनी सुरुवात केली, मी त्यांच्या मागं तुणतुणं धरलं. किंकाळी आली नाही... पण पाठीमागं घोंगड्या झटकल्याचा, वहाणा सरपटल्याचा आवाज यायला लागला. मान वळवून बघतो तर लोक उठून चाललेले. कडव्यागणिक अंगण रिकामं होत होतं.

आबांना सांगावं की गप बसावं? थांबावं की वाजवावं? बोटं थरथरत होती, घामानं तार निसटत होती. थांबायचं धाडस नव्हतं, म्हणून वाजवत राहिलो.

गाणं संपलं. आबांनी भंडारा उधळला आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "येळकोट येळकोट..."

काहीच नाही. मला रडूच फुटलं.

आणि मग भिंतीपलीकडून, वेशीच्या अंगानं, अख्खं गाव गरजलं... "जय मल्हार!"

कर्ण्याचं तोंड जिकडं, तिकडं लोक जाऊन बसले होते. पाटील स्वतः तिथं मातीत मांडी घालून. शेवटच्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू आला होता. मान आबांकडंच राहिला.

घरी जाताना आबा म्हणाले, "आंगण रिकामं झाल्यालं मलाबी कळलं व्हतं. वाटलं, ऱ्हाऊंद्या आता. पर तुझं तुणतुणं थांबंना, मग म्या कसा थांबू?"

मी तर भीतीनं वाजवत होतो... पण ते त्यांना बोललो नाही.

तर परवा. किंकाळी थांबली, पण तोवर अर्धी माणसं पंगतीकडं उठून गेली होती. पोरीनं रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं आणि तिची बोटं थरथरायला लागली. ते थरथरणं मी ओळखतो.

मी माझी खुर्ची तिच्यासमोर ओढली, मांडीवर ताल धरला, आणि तिचं गाणं संपेपर्यंत जेवायला उठलो नाही.