नेम चुकलेला राखणदार

आमची आंब्याची कलमं आणि धाकट्या भावाची कलमं यांच्या मध्ये गडगा आहे, म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचलेली भिंत. त्या गडग्याच्या टोकाला, झाडाखाली, आमचा राखणदार. पपनसाएवढा गोल, शेंदराची पुटं चढून चढून लालभडक झालेला. बाग, गुरं, माणसं सगळं तो सांभाळतो, म्हणून वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा. या देण्याला आम्ही राखण म्हणतो.

राखणीचा नियम साधा. कोंबडा बाप्यांनी तिथंच झाडाखाली शिजवायचा, भाकऱ्या तेवढ्या घरून आणायच्या, आणि शिजलेलं उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. सगळ्यांनी बसून संपवायचं, मगच उठायचं.

मुंबईत गिरण्या बंद पडल्या आणि भाऊ कायमचा गावी आला. वर्ष सरलं नाही तोवर गडग्यावरून आमचं बोलणं बंद. तो म्हणे, मी गडगा हातभर त्याच्या अंगाला सरकवला. मी म्हणे, त्यानं. घर शेजारी, विहीर एक, पण तोंडं दोन दिशांना. फक्त राखणीच्या दिवशी एकत्र बसावं लागे, कारण कोंबडा उरवून चालत नाही.

माझी बायको त्यात हुशार. दरवर्षी वाडीतला सगळ्यात मोठा कोंबडा हेरून ठेवायची. मी म्हणायचो, "एवढा कशाला गो?"

"लहान असला तर लवकर संपेल," ती म्हणायची. "लवकर संपला की तुम्ही दोघं लवकर उठाल."

गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, भाऊ घालायचा. मी थोरला, पण मला चारचौघांत बोलता येत नाही. तो गिरणीच्या आवाजावर ओरडायला शिकलेला. हात जोडून सुरू करायचा, "बा महाराजा, कुणी गडगा सरकवला असेल तर त्याला बुद्धी दे!" राखणदारापुढं जे मागतील त्याला बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं असतं. मी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायचो. त्याच्या मनात मी, माझ्या मनात तो. ही पदर तोंडाला लावून हसायची.

एका वर्षी राखणीच्या तोंडावर एक सरकारी माणूस राजापूरच्या एसटीतून उतरला. खाडीच्या तोंडाशी जुना किल्ला आहे, त्याच्या आसपासच्या जुन्या वस्तू बघत फिरत होता. माणूस चांगला. राखणदाराजवळ उकिडवा बसला, आम्हाला विचारून शेंदराचा एक खपला काढला. खाली काळं लोखंड.

"आजोबा, हा तोफेचा गोळा आहे," तो म्हणाला. "कुणीतरी गलबतावरून किल्ल्यावर डागलेला दिसतो. नेम चुकून इथं आला."

मी खाली बसलो. पिढ्यानपिढ्या आम्ही नारळ फोडले ते कुणा परक्या गोलंदाजाच्या चुकलेल्या नेमाला!

गडग्यापलीकडून भाऊ ऐकत होता. "न्या तो तुमच्या संग्रहालयात," तो ओरडला. "लोखंडाला कोंबडा कापायला मी काय खुळा हाय? यंदापासून मी येणार नाय."

तो आला नाही तर माझं काही जाणार नव्हतं. पण हिचं तोंड उतरलं. गोळा गेला तर राखण गेली, आणि राखण गेली तर दोन भाऊ वर्षातून एकदाही एका पंगतीला बसणार नाहीत. हिला देवाची नाही, त्या पंगतीची काळजी. ती मला एका शब्दानं बोलली नाही. सरळ गडग्याशी गेली.

"भावोजी, नेम चुकला म्हणून तर तो देव झाला. लागला असता तर माणसं मेली असती."

भाऊ गडग्यावरचा एक दगड नीट बसवायला लागला.

"मारायला आला नि इथं गप बसला. त्यानंतर कुणाला दुखवलंन का? आपल्या वाडीत एवढं तरी कुणाला जमलंय?" असं म्हणून तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "जायचा तर जाऊ दे. पण रिकाम्या तोंडानं कसा पाठवायचा? शेवटची राखण द्या."

सरकारी माणूस हसायला लागला. त्याला पण जेवायला थांबवून घेतलं.

कोंबडा मी शिजवला. भाऊ आला. हात जोडले, पण काय हाक मारावी कळेना. मग घसा खाकरून म्हणाला, "बा महाराजा, तू इंग्रजाचा असशील, पोर्तुगीजाचा असशील, आम्हाला ठाऊक नाय. आलास तो आलास. आता आमचाच हायस!"

"होय महाराजा!" सरकारी माणूससुद्धा ओरडला.

जेवण संपता संपेना. ऊन उतरेपर्यंत भाऊ बसून होता, आणि मुंबईच्या गोष्टी सांगत होता. मला नाही, पाहुण्याला. पण ऐकत मी होतो. निघताना पाहुण्यानं गोळा दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि म्हणाला, "लई जड आहे. एसटीत चढायचा नाही. राहू दे इथंच." खरंच जड होता की जेवण जड झालं होतं, देव जाणे.

मी चौथी शिकलेला. पण हिच्याएवढी अक्कल मी शिकलेल्यांतही बघितली नाही. आमच्या भांडणाच्या नादी ती कधी लागली नाही. नुसता मोठा कोंबडा आणायची.

गेल्या पावसात ती गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. घर खायला उठतं, एवढंच.

यंदा राखणीचा दिवस आला तेव्हा मी ठरवलं होतं, द्यायची नाही. कोंबडा हेरणारी नाही, भाकऱ्या भाजणारी नाही. ओटीवर बसून होतो. तेवढ्यात झाडाखालून भावाचा गिरणीतला आवाज आला. मी येतो की नाही हे न बघताच त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं होतं. चपला न घालताच गेलो. कोंबडा त्यानं आणला होता, आणि चांगला मोठा होता.

"बा महाराजा, माझी वहिनी गेली. हिकडच्या घरात चूल पेटत नाय. आजपासून दोन्ही वेळच्या भाकऱ्या आमच्याकडनं येतील. कुणी नको म्हणेल, त्याला बुद्धी दे!"

भाऊ गोळ्याकडे बघत उभा होता. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

राखणदारापुढं नाही म्हणता येत नाही.

"होय महाराजा," मी म्हटलं.